रविवारी दहा वाजता, फोनवर नेत्रतपासणी

३ एप्रिल
साथीमुळे सरांचं डोळ्यांचं हॉस्पिटल आजपासून बंद. सर म्हणाले, सध्या लोकांना श्वास हवाय, डोळ्यांचं कोण विचारतंय. ऑपरेशनच्या यादीत एकेचाळीस माणसं आहेत. मी प्रत्येकाला फोन केला आणि सांगितलं, काळजी नको, पंधरा दिवसांत होऊन जाईल. नववं नाव बाबांचं. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली नस वाळत जाते. गेलेली नजर परत येत नाही. पण पंधरा दिवसांत काय होतंय?
ठराव: सुट्टीत शोधनिबंध पूर्ण करायचा. रोज व्यायाम. खचायचं नाही.

४ एप्रिल
सुट्टी रद्द. सगळ्या तज्ज्ञांना साथीच्या वॉर्डात बोलावलंय. माझ्या पाळीत त्वचातज्ज्ञ मॅडम आणि हाडांचे डॉक्टर. हाडवाले म्हणाले, स्टेथोस्कोप मी लग्नाआधी शेवटचा वापरला, कुठलं टोक कानात घालायचं ते तेवढं सांगा. एका आजोबांनी मला विचारलं, पोरी, तू कशाची डॉक्टर? मी ताठ मानेनं सांगितलं, डोळ्यांची. आजोबांनी शेजारच्या खाटेवर विचारलं, अहो, दुसरं कुणी आहे का बघा जरा.
मनावर घेतलं नाही.

५ एप्रिल, रविवार, सकाळी १०
फोन-ओपीडी सुरू! कल्पना पूर्णपणे माझी. घर इथून तीन तासांवर, गाड्या बंद, आणि वॉर्डातून मी घरी आजार नेणं बरोबर नाही. म्हणून ई-तक्त्याचा फोटो पाठवला. (वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तो. एकच ई, कधी तोंड वर, कधी खाली, कधी उजवीकडे.) धाकट्या बहिणीनं तो छापून कपाटावर चिकटवला. बाबा दहा फुटांवर उभे राहिले, धाकटीनं फोन धरला. बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बिनचूक सांगितलं. आई मागून ओरडली, डॉक्टरीणबाई, पास का?
पहिला नंबर, मी म्हणाले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शब्दाला घरी औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेइतका मान आहे. जबाबदारीच आहे ती एक.

१९ एप्रिल, रविवार
पंधरा दिवस झाले. यादीतल्या सगळ्यांना पुन्हा फोन. आणखी पंधरा दिवस. एक शिंपीणबाई म्हणाल्या, मॅडम, मागचे पंधरा संपले की पुढचे लागतात, की दोन्ही एकदमच चालू आहेत?
बाबा: पास.
फोनवर प्रेशर मोजता येत नाही, ही एक तांत्रिक अडचण. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि तक्ता बऱ्याच उशिरापर्यंत वाचता येतो, असं पुस्तक म्हणतं. पण पुस्तक साथीच्या आधीचं आहे.

२ मे
व्यायाम: जिना चढले. (लिफ्ट बंद होती.)
शोधनिबंध: शीर्षक ठरलं.
डोळ्यांतून दिवसातून तीन-चार वेळा पाणी येतं. मास्कमधली हवा वर जाऊन डोळे कोरडे पडतात आणि मग पाणी येतं, हे शास्त्रीय कारण. त्वचातज्ज्ञ मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही तेच होतं, फक्त मी त्याला रडणं म्हणते. प्रत्येकाची परिभाषा वेगळी.

१७ मे, रविवार
बाबांनी आज तक्ता माझ्या प्रश्नाच्या आधीच म्हणायला घेतला. वर, डावीकडे, खाली, उजवीकडे... एका दमात, चालीत. दृष्टी सुधारल्याचं लक्षण. रुग्णाचा उत्साह ही अर्धी लढाई असते.
नंतर धाकटी म्हणाली, ताई, बाबा हल्ली पाणी ग्लासाच्या बाहेर ओततात. मी म्हटलं, टाळेबंदीत माणसाचं लक्ष लागत नाही. ती म्हणाली, दाराच्या चौकटीकडेही त्यांचं लक्ष लागत नाही, खांदा काळानिळा झालाय. ही लहानपणापासून अतिशयोक्ती करते.

२९ मे
सरांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. सर एकटेच, मायक्रोस्कोप पुसत होते. रोज पुसतात म्हणे. वेटिंग रूममध्ये कुणाची तरी मास्कची खोकी रचलेली, जागा भाड्यानं दिलीय. माझा पगार निम्मा होणार, हे त्यांनी मायक्रोस्कोपकडे बघत सांगितलं. मी म्हणाले, सर, पैशासाठी कोण करतंय हे? सर म्हणाले, मी करत होतो थोडंसं.
त्यांचा हात किंचित थरथरत होता. चहा जास्त झाला असणार. मी खोलीवर येऊन सराव म्हणून द्राक्षाच्या सालीला टाके घातले. सात द्राक्षं फुटली. आठवं खाल्लं.

१४ जून, रविवार
बाबा: पास. पण आज एक बोलणं झालं ते नोंदवते. बाबा म्हणाले, बेटा, गाड्या सुरू झाल्यात म्हणतात, पण तू कामात आहेस, तर मी इथल्याच डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ का?
मी म्हटलं, बाबा, मी असताना? तो माणूस चष्मे विकतो हो. लोक काय म्हणतील, मुलगी नेत्रतज्ज्ञ आणि बाप दुसऱ्याच्या दारात?
बाबा लगेच म्हणाले, नाही नाही, सहज विचारलं. तू म्हणशील तसं.
बोलले ते बरंच झालं. रुग्णाच्या मनातली शंका वेळीच दूर करावी लागते.

५ जुलै, रविवार
बाबांनी दुकान उघडलं. ते किल्ल्या बनवतात. पहिल्याच गिऱ्हाइकाला दिलेली किल्ली कुलपाला लागली नाही. दुसरी केली, तीही नाही. बाबा म्हणाले, कुलूप गंजलंय. माझंही तेच मत. किल्ली माणूस हातानं बनवतो, डोळ्यांनी नाही, हे बाबांचं नेहमीचं वाक्य.
डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना, विचारलं. हो म्हणाले. आई म्हणाली, मागचे वीस दिवस औषधाच्या दुकानात थेंबच नव्हते. बाबा म्हणाले, अगं, तिला कशाला सांगतेस, तिच्या वॉर्डात माणसं मरतायत. मी थेंबांचा पर्याय कळवला आणि आठवड्याचा अहवाल लिहिला: प्रकृती स्थिर.

२३ जुलै
आज वॉर्डात ते आजोबा गेले. एप्रिलपासून तिसऱ्यांदा भरती झाले होते. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं, डोळ्यांची डॉक्टर ना तू? मी हो म्हटलं. म्हणाले, मग मिटशील ना नीट?
मिटले.
ठराव: उद्यापासून ध्यान. पंधरा मिनिटं.

२४ जुलै
ध्यान: चार मिनिटं. डोळ्यांतून पाणी. परिभाषा बदलायला हरकत नाही.

२ ऑगस्ट, रविवार
दोन दिवसांची रजा मिळत होती. घरी जाता आलं असतं. पण हाडवाले आजारी पडले आणि त्यांची पाळी मी स्वतःहून घेतली. अशा काळात आधी समाज, मग घर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, शाबास. तक्ताही पास. मग काय हवं?
शोधनिबंधाचं शीर्षक बदललं: 'साथीच्या काळात दूरस्थ नेत्रतपासणी: एक यशस्वी प्रयोग'.

३० ऑगस्ट, रविवार, सकाळी १०.२०
बाबा: पास. सहा बाय सहा, म्हणजे पूर्ण नजर, दोन्ही डोळे. सलग बाविसावा रविवार.

तोच दिवस, ११.०५
धाकटीचा मेसेज. ताई, आज तक्ता मी मुद्दाम उलटा लावला होता.

तोच दिवस, ११.३०
तक्ता उलटा लावणं हे तपासणीच्या नियमात बसत नाही. असा निकाल ग्राह्य धरता येत नाही. तिला तसं कळवलं.

तोच दिवस, १२
तिचं उत्तर आलं. ग्राह्य धरू नकोस. पण बाबांनी सगळं जुनंच सांगितलं, वर ते वर, खाली ते खाली. त्यांना कपाटसुद्धा दिसत नव्हतं ताई, मी खांद्याला धरून उभं केलं. ते पहिल्या आठवड्यातच पाठ करून बसलेत, आई रोज संध्याकाळी म्हणून घ्यायची. मी विचारलं का, तर म्हणाले, तिच्या परीक्षेत मी नापास झालो तर ती काम सोडून येईल.
आठ वर्षं मी हा तक्ता वापरतेय. लोक पाठ करतात हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणूनच आम्ही दवाखान्यात तीन वेगवेगळे तक्ते ठेवतो.
मी एकच पाठवला होता.

१ सप्टेंबर
सरांना फोन केला. म्हटलं, एक रुग्ण आणतेय. सर म्हणाले, आण, मायक्रोस्कोप स्वच्छ आहे.

३ सप्टेंबर
बाबांना घेऊन आले. गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, झाडं छान आहेत गं इथली. खिडकीबाहेर भिंत होती. मी म्हटलं, हो.
सरांनी तासभर तपासलं. उजवा डोळा संपलाय. डाव्यात मधोमध एक छोटं भोक उरलंय, नळीतून बघितल्यासारखं. ऑपरेशननं तेवढं टिकेल कदाचित. बाकीचं गेलं ते गेलं. एप्रिलमध्ये केलं असतं तर... असं सर म्हणाले. मग त्यांनी खुर्ची बाबांकडे वळवली आणि आवाज चढवला. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. गेले पाच महिने त्यांच्याकडे रागवायला रुग्णच नव्हता. म्हणाले, काका, घरात नेत्रतज्ज्ञ मुलगी आहे! एक फोन करता येत नव्हता? इतके महिने कुणाला दाखवलं?
मी तोंड उघडलं होतं.
बाबा आधी बोलले. म्हणाले, कुणालाच नाही साहेब. मुलगी सारखी म्हणत होती, दाखवा दाखवा. मीच ऐकलं नाही. अडाणी माणूस मी.
सरांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं: रुग्णाच्या हलगर्जीपणामुळे उशीर. खाली सहायक डॉक्टरची सही लागते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.
मी सही केली.