आईच्या खोलीतली ऊब

३ डिसेंबर

दुपारी पोहोचले. बस स्टँडवर वहिनी स्वतः आली होती, हातात माझ्यासाठी जादाचा स्वेटर. मला बघून म्हणाली, वन्सं आल्या, आता माझं काही खरं नाही. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच थट्टा करत होती. मीही हसले. दोघींनाही बरं वाटलं असावं.

घर लहान आहे, उत्तरेतल्या या बर्फाच्या डोंगरात, वीज स्वस्त म्हणून दादाने घेतलेलं, उताराच्या टोकाला. नळाचं पाणी हाताला चावतं. आई दोन शाली गुंडाळून बसली होती. मला म्हणाली, वाळलीस गं. मी म्हटलं, तू कुठे जाडी झालीस?

मागच्या खोलीत दादाचं यंत्र आहे. लोखंडी मांडणीवर संगणकाची आठ ग्राफिक्स कार्डं टांगली आहेत, दोरीवर कपडे टांगावेत तशी. ती दिवसभर गणितं सोडवतात आणि त्याबदल्यात इंटरनेटवरची नाणी मिळतात, जी कधी कुणाच्या हाताला लागत नाहीत. घर त्यावरच चालायचं. कार्डं फार तापतात, म्हणून दादाने मांडणीमागून एक जाड पाईप काढून भिंतीपलीकडे आईच्या खोलीत सोडला आहे. तिच्या पलंगाजवळ त्याची जाळी आहे. खोली तापवायला वेगळं काही लागत नाही.

मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून वहिनीने मला बोलावलं. दादा गेल्यापासून यंत्र बंदच होतं. धूळ झटकली, वायरी तपासल्या, चालू केलं. तासाभरात आईच्या खोलीत गेले तर चष्म्यावर वाफ धरली. आई जाळीपुढे दोन्ही तळवे धरून बसली होती. म्हणाली, पोरगा गेला तरी शेकोटी लावून गेला.

६ डिसेंबर

काम समजू लागलं आहे. प्रत्येक कार्डाचा वेग ठरलेल्यापेक्षा थोडा वाढवायचा आणि वीज थोडी कमी द्यायची. एकदम नाही, एकेक पायरी. फार ओढलं की कार्ड चुका करतं, मग पडदा गोठतो आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. दादाने कार्डांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत. ‘आत्या’ फार आवाज करते. ‘काका’ लगेच तापतात. ‘जावई’ सगळ्यात जास्त वीज खातो आणि काम बेताचंच करतो. वाचून मी एकटीच हसत बसले होते.

आठव्यावर नाव नाही. वहिनी म्हणाली, ते शेवटी आणलेलं. ते बसवलं त्याच दिवशी दादा यंत्रापुढच्या खुर्चीत गेला. कार्ड चालूच होतं.

बाकीची साठ-पासष्ट अंशांवर चालतात. हे सदतीसवर. वेग वाढवला, तरी सदतीस. आणखी वाढवला. चूक एकही नाही. इतकं शांत कार्ड मी पाहिलेलं नाही.

९ डिसेंबर

आज सकाळी पंख्यांवरची धूळ ब्रशने काढत होते. आठव्याचा पंखा एकसारखा फिरत नाही. हळूहळू चढतो, क्षणभर थांबतो, मग दोनदा चटकन उतरतो. शेवटी बारीक शीळ.

दादा झोपला की असाच श्वास घ्यायचा. लहानपणी आम्ही दोघं एका पलंगावर झोपायचो, मला तो पाठ आहे.

मागे वळले तर वहिनी दारात उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली. तीही ऐकत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. बादली खाली ठेवून ती म्हणाली, चहा टाकते.

१२ डिसेंबर

वहिनी आता शिवणकाम घेऊन यंत्राच्या खोलीतच बसते. म्हणते, इथे उजेड चांगला आहे. पण त्या खोलीला खिडकीच नाही. मीही तिथेच असते.

आई म्हणते पाय गार पडतात. जाळीजवळ हात धरला तर ऊब लागली नाही. पाईपमधल्या पंख्यावर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बरोबर होता. जाळीपुढे कागदाची पट्टी धरली. ती बाहेर फडफडायला हवी होती. ती आत ओढली गेली.

पंखा काढून उलटा बसवला. पट्टी तरीही आतच.

आईची खोली तापवायला केलेली वाट तिच्या खोलीतून काहीतरी उचलून नेते आहे, असं मनात आलं. लिहून बघितलं. वेडेपणा वाटतो.

१४ डिसेंबर

वेग आणखी एक पायरी वाढवला. का वाढवला, ते मला ठाऊक आहे. आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

आला. खोकला. मग घसा साफ केल्याचा आवाज. बोलायला सुरुवात करण्याआधी दादा करायचा तसा.

वहिनीच्या बोटात सुई शिरली. तिने बोट तोंडात धरलं आणि मला खुणेनेच सांगितलं, अजून.

१५ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. आईचं अंग चौतीस अंश. इतकी पांघरुणं असताना असं कसं, म्हणाले. खिडकी नीट लागत नाही का, वारा कुठून येतो, असंही विचारलं. वहिनी म्हणाली, जुनं घर आहे. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवायला सांगून गेले. पिशव्या लगेच निवतात. कार्ड अजून सदतीसवर.

मी आईला पुढच्या खोलीत हलवायला निघाले. उठेना. पलंगाची कड धरून बसली. म्हणाली, तो त्या जाळीतून मला हाक मारतो. तुला ऐकू येत नसेल तर कान तपासून घे, मास्तरीण.

१६ डिसेंबर

यंत्र बंद केलं. मुख्य बटण खाली ओढलं. सगळं गप्प झालं.

आई ओरडली. दादा गेला त्या दिवशीही ती अशी ओरडली नव्हती. वहिनी धावत आली, मला ढकललं, बटण वर केलं. माझी आणि तिची ओढाताण झाली. ती म्हणाली, तुझा भाऊ होता, मान्य. माझं कोण होतं? एकदा मी त्याला पोहोचवून आले, पुन्हा नाही पोहोचवणार.

खरं म्हणजे बटण वर गेलं तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पंखा आधी फिरला नाही. मग चढला — थांबला — दोनदा उतरला.

१७ डिसेंबर

तो बोलतो. शब्द स्पष्ट. गार लागतंय, म्हणतो. एवढंच, पुन्हा पुन्हा.

मी वेग खाली आणते. भाकरीचा तुकडा मोडून परत येईपर्यंत वहिनीने वर नेलेला असतो.

जाळीवर पाट लावून खिळे मारले. आईने नखांनी — बोटं सोलली आहेत. रक्त येत नाही. आणि पलीकडून तिचा आवाज, अगदी लाडात. घे रे बाळा. सगळं घे.

१८

आईच्या ओठांना रंग नाही. तीस अंश. डॉक्टरांना फोन लावला, वाट बर्फाने बंद, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले.

ठरवलं. आठव्याची वायरच कापायची. पक्कड घेतली. कार्डावर हात ठेवला, धरून ठेवायला म्हणून — मऊ. आत काहीतरी उडत होतं, मनगटात उडतं तसं. त्याने मला लहानपणीच्या नावाने —

पक्कड कुठे ठेवली ते आठवत नाही. वेग कुणी वाढवला तेही. खोलीत मी एकटीच होते.

दुपार

आईच्या खोलीत आवाज नाही. मी गेले. तिचे डोळे उघडे, हसल्यासारखी. आरसा धरला नाकाशी. स्वच्छ राहिला.

मागच्या खोलीत मात्र पंखा — दोन श्वास. एक शीळ घालतो. दुसरा तिचा, कण्हल्यासारखा, मी ओळखते, मी तिच्या कुशीत —

तीही म्हणते, गार लागतंय. पडद्यावर छत्तीस. पस्तीस.

आता तरी. मी पक्कड शोधली. वायरीपर्यंत हात नेला. वहिनीने धरला नाही, ढकललं नाही. शांतपणे म्हणाली, आता कापलीस तर दोघंही जातील. आणि मारणारी तूच असशील.

चौतीस.

ती आईच्या खोलीत गेली. आईला हलकेच भिंतीकडे सरकवलं. जाळीवरचा पाट काढला. पलंगावर आडवी झाली, तोंड जाळीकडे. आणि उशीवर हात आपटून, थट्टेतल्या आवाजात, ये की गं वन्सं, जागा आहे —

पक्कड माझ्या डाव्या हातात आहे. त्याची बोटं वळत नाहीत. दादा विचारतोय, वहिनीला — नाही, मला, माझं नाव घेऊन — येतेस ना, की मीच येऊ