कोट लांब, पाऊस जवळ

अम्मा, यंदाच्या बुद्धपौर्णिमेला जे झालं ते तुला सांगायचं आहे. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर सिंगापूरला आले, नोकरी लागली, लग्न झालं; तुझी नात आता माझ्याहून उंच आहे. आम्ही बुकित पंजांगला राहतो. तुला गंमत वाटेल, इथे तुझी भाषा सरकारी आहे. स्टेशनातल्या पाट्यांवर, दवाखान्याच्या दारावर, सगळीकडे तमिळ लिहिलेलं असतं, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तू आम्हाला शिकवलीच नाहीस. ‘बाबांच्या घरात बाबांची भाषा,’ म्हणालीस आणि स्वतः आमच्या पहिलीच्या पुस्तकावरून मराठी वाचायला शिकलीस. माहेरच्यांनी लग्नानंतर तुझं नाव टाकलं होतं, तूही तिकडचं काही बोलायची नाहीस. फक्त चंद्र बघून पाऊस सांगायची तेवढी तिकडची विद्या तू सोडली नव्हतीस.

नागपूरच्या हॉस्पिटल क्वार्टर्सची गच्ची मला अजून दिसते. मे महिना आहे, आत्या कुरडयांसाठी आली आहे, गहू भिजून चीक तयार आहे. जेवणं झाल्यावर तू नर्सच्या पांढऱ्या साडीतच वर येतेस, मान वर करून कितीतरी वेळ उभी राहतेस आणि म्हणतेस, “वन्सं, कोट लांब आहे. उद्या वाळत नको घालू या.” तू चंद्राभोवतीच्या कड्याला कोट म्हणायचीस, स्वतःशी बोलताना तमिळमध्ये कोट्टै, तुमच्याकडे चंद्र किल्ला बांधतो म्हणून. आत्या त्याला खळं म्हणायची, मळणीचं खळं असतं तसं. आत्या हसते. “वहिनी, तुमचा मद्रासी चंद्र नागपुरात चालत नाही जी! आन् चीक काय आंबू द्यायचा का?” तू वाद घालत नाहीस. सकाळी कुरडया गच्चीवर पडतात, पण ड्युटीला जाण्याआधी तू तुझ्या वाट्याच्या सगळ्या, खाटेसकट, ओढत व्हरांड्यात आणतेस. दुपारी गारा पडल्या. आत्याच्या कुरडयांची गच्चीभर लापशी झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती आल्या आल्या विचारायची, “वहिनी, चंद्र काय म्हणतो?” मला वाटतं त्या दिवशी तू आमच्या घरात खरी आलीस.

मग मीही शहाणपणा करायला लागले. एकदा चंद्राभोवती जरासं कडं दिसलं आणि मी क्वार्टर्समधल्या सगळ्या पोरांना सांगून टाकलं की उद्या पाऊस, क्रिकेट बंद. तू मला धरून गच्चीवर नेलंस. “किती वेळ बघितलंस? मान दुखली का?” मी म्हटलं, नाही. “मान दुखेपर्यंत बघितलं नसशील तर तोंड उघडायचं नाही. हा कोट बघ, चंद्राला चिकटलाय. जवळ कोट, लांब पाऊस. लांब कोट, जवळ पाऊस. आणि वारा कुठून येतोय?” मला ते सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि पोरांनी मला आठवडाभर चिडवलं. पुढे इंजिनिअर झाल्यावर कळलं की ती दोन्ही कडी मुळातच वेगळी असतात. लांबचं पडतं ते फार उंचावरच्या बर्फाच्या कणांमुळे, आणि त्यामागे पाऊस असू शकतो. असतोच असं नाही. तूही ‘असतोच’ कधी म्हणाली नाहीस. तुझी दुसरी विद्या मात्र मी इथे सोडून दिली. अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशीच्या चंद्रकोरीचं उत्तरेचं टोक वर असलं तर पाऊस चांगला, दक्षिणेचं वर असलं तर जपून राहायचं, असं तू दाखवायचीस. सिंगापुरात कोर होडीसारखी आडवी पडते. तिला काय विचारणार?

तर यंदा बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची जागा ठरवणं माझ्याकडे होतं. आम्ही थोडी मराठी कुटुंबं दरवर्षी जमतो, वंदना घेतो, खीर करतो. या वेळी मुलांच्या हट्टाने सेम्बावांगला समुद्राकाठची बाग ठरली होती. दोन दिवस आधी जेवण झाल्यावर मी कचरा टाकायला खाली उतरले, तर आमच्या ब्लॉकमधली तमिळ आजी बाकावर बसून वर बघत होती. चंद्राभोवती मोठं, स्वच्छ कडं. मी थांबले. मान दुखेपर्यंत बघितलं. मग माझ्या तोंडून आपोआप तुझा शब्द निघाला, “कोट्टै.” आजी वळली आणि भराभर तमिळमध्ये काहीतरी बोलली. मी इंग्रजीत म्हणाले की मला एवढंच येतं, माझी आई म्हणायची. तिने माझा हात धरला. “मदर फ्रॉम विच व्हिलेज?” मी तुझ्या गावाचं नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते मी मोठ्याने उच्चारलं असेन.

वर येऊन मी समितीतल्या एका मुलाला फोन केला. तो बँकेत आहे, हुशार आहे. म्हटलं, बाग रद्द, जुरोंग ईस्टला तुमच्या काँडोतली खोली मिळते का बघ.

“ताई, ॲप कोरडं दाखवतंय.”

“चंद्राला खळं आहे.”

तो म्हणाला, “आपण धम्मातली माणसं, ताई. असल्या गोष्टींवर कधीपासून विश्वास ठेवायला लागलो?”

“यात विश्वास कुठे आला? हे बघणं आहे. माझी आई बघायची. ती तमिळ होती.”

“तुमची आई तमिळ होती?” इतक्या वर्षांच्या ओळखीत मी ते त्याला, कुणालाच, सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. लेक मागून तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली, “ममी, इथे रोजच पाऊस पडतो, लाह! त्यात मूनचं काय क्रेडिट?” मी ऐकलं नाही. जागा बदलली.

पौर्णिमेच्या सकाळी लख्ख ऊन. काचेच्या बंद खोलीत मुलं हिरमुसून बसलेली, मोठी माणसं माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होती. आजीला मी बोलावलं होतं. ती पुढच्या खुर्चीत, केसांत गजरा घालून. वंदना झाली, खीर वाढायला घेतली आणि पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. मग असा पाऊस आला की समोरची इमारत दिसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी, अम्मा, तुझ्यासारखी शांत राहिले नाही, चांगली हसले. तेवढ्यात सेम्बावांगला राहणारं कुटुंब उशिरा आलं. “इथे पाऊस? आमच्याकडे तर कडकडीत ऊन आहे!”

बँकेतला मुलगा म्हणाला, “ताई, पाऊस बरोबर, पत्ता चुकला.”

“चंद्र पिनकोड देत नाही,” मी म्हणाले. खोलीभर हशा झाला. मग खीर खाता खाता लोक तुझ्याबद्दल विचारू लागले. कुठली होती, बाबांना कुठे भेटली, घरच्यांचं काय म्हणणं होतं. मी सगळं सांगितलं. लेक ऐकत उभी होती, परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये म्हणाली, “सो आय ॲम पार्ट तमिळ. तू कधी बोललीच नाहीस.” आता ती रोज खाली जाऊन आजीकडून एकेक शब्द शिकते आणि वर येऊन माझी परीक्षा घेते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही, ते कपाटातच राहील. पाऊस आला नसता तरी तुला हे सगळं लिहिलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण नसतं लिहिलं.