इसोबेबाईंचा कुलमुखत्यार

६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.
नियुक्ती झाली! गल्ली-मंडळाचे अध्यक्ष सुगाहारा स्वतः येऊन मुखत्यारपत्र देऊन गेले. शेजारच्या इसोबेबाई हिवाळ्यात पायरीवरून पडल्या, तेव्हापासून साप्पोरोला मुलीकडे आहेत. १४ तारखेच्या वार्षिक सभेत त्यांच्या वतीने हजर राहून मत देण्याचा अधिकार मला. माझं नाव पूर्ण लिहिलंय, कुरामोची तादाओ. बाईंचं अक्षर एवढं ठसठशीत, पुरुषी असेल असं वाटलं नव्हतं. खाली सहीऐवजी त्यांचा शिक्का.
एकोणीस वर्षांचा शेजार. बोलणं बेताचंच. पण माणूस पारखायला बोलावं लागतंच असं नाही.
सुगाहारांना चहा विचारला. घाईत होते.

७ एप्रिल.
पत्र पुन्हा वाचलं. समासात एक जादा शिक्का! मजकुरात काही चुकलंमाकलं तर मुखत्याराने परस्पर दुरुस्त करावं, म्हणून हा मारून ठेवतात. म्हणजे बाईंचं म्हणणं असं, की तुम्ही लिहाल ते मला मान्य. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कोणी टाकला नाही. फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर चौतीस वर्षं काढली, तिथे स्टेपलरसुद्धा सही केल्यावर मिळायचा.
संकल्प: मुखत्यारीचा कायदा वाचणे. रोज दहा पानं.

८ एप्रिल.
दोन पानं झाली. मुखत्याराने केलेलं काम मालकाने स्वतः केल्यासारखंच धरतात. काय वाक्य आहे! अधिकाराच्या मर्यादा पुढच्या प्रकरणात. उद्या.

१४ एप्रिल, रविवार. सभेहून आल्यावर.
कमी बोलायचं असं ठरवून गेलो होतो. पण यंदाचा गल्लीप्रमुख कोण, हा विषय निघाला आणि सगळ्यांना एकदम चटईची वीण बघावीशी वाटू लागली. शेवटी मीच उठलो. म्हणालो, इसोबेबाई हे पद स्वीकारत आहेत.
टोफूवाल्या मोरिवाकीवहिनी म्हणाल्या, अहो, पण त्या परत येणारेत का? मी म्हणालो, पावसाळ्याआधी येतायत. तसं त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण मालकाच्या मनातलं मुखत्याराने ओळखायचं असतं. आणि पदाची जबाबदारी गळ्यात पडली की माणसाला यावंच लागतं. टाळ्या पडल्या. ते लोढणं दुसऱ्या कोणालाच नको होतं, तो भाग वेगळा.
घरी येऊन पत्रात दुरुस्ती केली. ‘सभेस हजर राहणे’ याच्यापुढे ‘आणि घराची एकंदर सर्व कामे’. समासात शिक्क्याशेजारी रीतसर टीप: पाच शब्द वाढवले.
आता मी कुलमुखत्यार.

२ मे.
बाईंच्या वतीने गल्लीप्रमुखाची कामं सुरू. पहाटे कचऱ्यावर जाळी टाकणे, कावळे हाकलणे, सूचनांची फिरती पाटी घरोघर पोचवणे. मोरिवाकीवहिनींनी हटकलंच. काय हो मुखत्यार, तुमच्या बाईसाहेब कधी उगवतायत? म्हटलं, तयारी चालू आहे. खोटं नाही. त्यांच्या दारातलं गवत काढलं. कंबर धरली.
पायरीला कठडा हवा. पुन्हा पडायला नकोत. सुताराला सांगितलं.
बाईंना फोन करावा असं तीनदा वाटलं. पण उठसूट मालकाला विचारतो तो मुखत्यार कसला? शिवाय नंबर सुगाहारांकडे आहे, माझ्याकडे नाही.
कायदा: पान तीन.

२६ मे, रविवार.
कठडा बसला. मी सहा वेळा चढून-उतरून पाहिलं. पक्का आहे. मग तिथेच पायरीवर बसून भाताचे गोळे खाल्ले. घरी एकट्याने जेवायचा फार कंटाळा येतो. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

११ जून. दुपारी.
पाऊस. इसोबेबाईंच्या दारात तीन छत्र्या. घरांचे व्यवहार करणारी नागुमो नावाची मुलगी एका जोडप्याला घर दाखवायला आलेली. मी तसाच चपला घालून धावलो. म्हणालो, थांबा! या घराचा मुखत्यार मी.
तिने वाकून नमस्कार केला, माझं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, काका, हे १४ एप्रिलच्या सभेपुरतं आहे. मी समास दाखवला. ती म्हणाली, तो शिक्का चुकलेलं अक्षर सुधारायला असतो हो, नवा अधिकार लिहून घ्यायला नसतो. मग तिने दुसरं पत्र काढलं. घर विकण्याचा अधिकार, बाईंच्या मुलीच्या नावे. सरकारदरबारी नोंदवलेला शिक्का, सोबत दाखला. तारीख १ मार्च. म्हणजे माझ्या नियुक्तीच्याही आधीची.
जोडप्यातल्या नवऱ्याने कठडा हलवून पाहिला. बायकोला म्हणाला, हा काढून टाकू.
यात काहीतरी काळंबेरं आहे. बाई असं करणार नाहीत. निदान मला न कळवता नाही.

१२ जून.
नंबर मागायला सुगाहारांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते मान खाजवत म्हणाले, अहो कुरामोची, तुमचं नाव बाईंनी नाही लिहिलं, मी लिहिलं. त्यांनी ती जागा कोरीच पाठवली होती. सभेची गणसंख्या भरायची होती, आणि तुम्ही दरवर्षी येताच. समासातल्या शिक्क्याचं विचारलं. तो म्हणे सगळेच मारतात, ‘इथे शिक्का मारा’ असं फॉर्मवर छापलेलंच असतं.
येताना विचार केला. कोरी जागा म्हणजे संकोचही असू शकतो. परक्या पुरुषाचं नाव कसं लिहायचं, असा.
नंबर मिळाला. उद्या फोन.

१५ जून, शनिवार. ११.२०.
फोन केला. बाईंनीच उचलला. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, कोण कुरामोची? म्हटलं, शेजारचा. हां हां, तुम्ही होय, म्हणाल्या, फोनवर आवाज वेगळा येतो. आवाज त्यांनी फारसा ऐकलेलाच नाही, पण तसं बोललो नाही.
सभेला मी गेलो होतो, असं सांगितलं. अगबाई, तुम्हाला त्रास पडला, म्हणाल्या, कोणीही चाललं असतं हो. कठड्याचं काढलं नाही. गल्लीप्रमुखपदाचंही नाही. पाय कसा आहे विचारलं. बरा आहे. तिथे नातवंडं आहेत, दिवस कसा जातो कळत नाही.
मग मी म्हणालो, इथलं काही काम असलं तर सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.
बाईंनी खरोखर विचार केला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाल्या, नाही हो. तिकडचं आता काहीच नाही.
मी बरं म्हणालो.