हसताना घेतलेलं माप

रविवार, ता. ९ मार्च

चि. ठकूस आईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याला मी भीक घालत नाही. तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. तीन महिने फोन नाही की पत्र नाही, आणि वाढदिवसाला एकदम निळा ड्रेस. कापडावरून हात फिरवत कितीतरी वेळ बसून राहिले.

मग घालून बघितला आणि माझी फजिती झाली. पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि काखेखालची चेन जोर लावून खेचली. ती अर्ध्यावर अडकली. मेणबत्ती घासली, साबण घासला, तर रनर एका बाजूचे दात सोडून तिरका झाला. आता वरही जाईना, खालीही येईना. शेवटी वरून तुझ्या बाबांचा लांब कोट चढवला आणि भर उन्हात कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांचं दुकान गाठलं.

तुझे शाळेचे युनिफॉर्म शिवायचे तेच मास्तर. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, चेन निरखली आणि म्हणाले, "बाई, चेनचा काही दोष नाही. तिच्यावर राग काढू नका." मग कडेची शिलाई उसवून मला मोकळं केलं.

तू माप चार वर्षांपूर्वीचं धरलंस, ठकू. बाबा गेले त्या वर्षीचं. तेव्हा मी ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायची, कपडे अंगावर नुसते लोंबायचे. तुझी चूक नाही. तुझ्या मनातली आई अजून तेवढ्याच मापाची आहे.

मास्तरांनी माप घेतलं, आत दुमडलेलं कापड सोडलं, दोन्ही बाजूंना पट्टी जोडली, नवी चेन लावली. गुरुवारी घातला तर पुन्हा घट्ट. मास्तर गोरेमोरे झाले. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलेलं नाही. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "टेप लावली तेव्हा श्वास कोंडला होतात ना?" मी मान खाली घातली. बारीक दिसायची हौस, दुसरं काय.

त्यांनी पुन्हा टेप घेतली आणि उगाच जुनी गोष्ट काढली. शिकाऊ असताना त्यांनी एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या, आणि तो गडी तसाच सगळ्या लग्नभर मिरवला. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात त्यांचं माप घेऊन झालंसुद्धा. म्हणाले, "आता हसायलाही जागा राहील."

बरं, आता मुद्द्याचं. केव्हाची त्याच्याभोवती पिंगा घालतेय मी. गेल्या खेपेला सिंकपाशी दोन ताटं पालथी घातलेली तू पाहिलीस, विचारलं काहीच नाहीस आणि दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून गेलीस. मीही सांगितलं नाही. तुला घाबरले. दुसरं ताट मास्तरांचं होतं. वर्षभर आम्ही रोज एकत्र जेवतो. भाजी ते चिरतात, मापात, अगदी एकसारखी. मी बसून पोटभर जेवते. कंबर वाढली ती अशी.

पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला आम्ही लग्न करतोय. कचेरीत, सह्या करून, सकाळी अकराला. मी हाच ड्रेस घालणार. काल चेन एका दमात वर गेली तेव्हा आरशासमोर चक्क गिरकी घेतली, या वयात. मला फार आनंद झालाय, ठकू. तो लपवता येत नाही आणि लपवायचाही नाही.

बाबांना मी विसरलेली नाही. तसं वाटत असेल तर भांडायला ये. पण ये, लांबून रुसून बसू नकोस.

अर्जावर तीन साक्षीदार लागतात. एक मास्तरांची बहीण, दुसरी आपली शेजारीण. कारकून म्हणाला, तिसरं कुणाचंही नाव घाला, चालेल. मी म्हटलं, मला नाही चालणार. त्या सकाळी अकरा वाजेपर्यंत ती ओळ मी कोरी ठेवणार आहे.

आधीही तुझी, नंतरही तुझीच,
आई