पाचवा चौकोन

३ ऑगस्ट २००९, सोमवार

कारखान्याची कामगार अधिकारी म्हणून फॉर्म वाटले. लवंगी सिगारेटी वळणाऱ्या दालनात दोनशे बारा बायका. प्रत्येकीपुढे पाच चौकोन — ‘अजिबात समाधानी नाही’पासून ‘खूप समाधानी’पर्यंत. नाव लिहायचं नाही. मालक गुनादीसाहेबांनी — इथे जावात सगळे ‘पाक गुनादी’ म्हणतात — शब्द दिलाय: निम्म्या बायकांनी नाराजी दाखवली तर पंखे बसवीन. लवंगेच्या धुळीने डोळे चुरचुरतात, दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. पंखे हवेतच!

खूण कशी करायची ते कळावं म्हणून एक भरलेला फॉर्म फलकावर लावला. माझाच. चौथा चौकोन — ‘समाधानी’.

४ ऑगस्ट

कासियेमची कुरकुर सकाळी सातलाच सुरू. तंबाखू ओला, बाक टोचतो, लवंग कमी पडलीय. तीस वर्षं सिगारेटी वळतेय. दालनात सगळ्यांत चपळ हात तिचा, आणि सगळ्यांत चालू तोंडही तिचंच. मी शेजारून गेले तर मला, बाईसाहेबांना, ऐकू जावं म्हणून मुद्दाम आवाज चढवून — "इबूंच्या खोलीत पंखा आहे गं. त्यांच्या डोळ्यांची धुळीशी ओळखच नाही."

तिने वळलेल्यांची टोकं रुकाया कात्रीने कापते. एकीने वळायचं, दुसरीने कापायचं, मजुरी जोडीला मिळून. चौदा वर्षं दोघी एका बाकावर. रुकाया मान वर करत नाही. शहाणी बाई.

कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रबंधात मी लिहिलं होतं की कामातलं समाधान माणसाच्या स्वभावात असतं, बसायच्या बाकात नसतं. पहिला वर्ग मिळाला होता. कासियेम म्हणजे त्याचा चालताबोलता पुरावा. हिला पंखे दिले तर वारा लागतो म्हणेल.

७ ऑगस्ट, शुक्रवार

फॉर्म मोजले. दोनशे दहा जणींचा चौथा चौकोन! एकीचा पाचवा — असेल कोणी लाळघोटी. एकीचा पहिला.

मुकादमीणबाईंना झापलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा फॉर्म लावला होतात ना, इबू. तुम्ही समाधानी, आणि आम्ही नाही म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

जावात जन्मले, इथेच केस पांढरे झाले. मला कळायला नको? मोठ्या माणसाला खाली बघायला लागेल असं वागायचं नाही — आईने मलाही हेच शिकवलं. फॉर्म पाक गुनादी बघणार, म्हणून तर मी चौथा चौकोन भरला.

१० ऑगस्ट, सोमवार

पंखे रद्द. पुन्हा फॉर्म भरून घेऊ, असं मी म्हटलं, तर पाक गुनादी हसले. म्हणाले, सगळं दालन सुखात आहे, एकच बाई बिघडलेली आहे. ती कोण? मी म्हटलं, फॉर्मवर नाव नाही.

"तुम्ही माणसं ओळखता. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

कासियेमचं नाव घेतलं. विचारसुद्धा करावा लागला नाही.

१२ ऑगस्ट

कासियेमला काढलं. का काढलं, तेही तिला मीच सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. तिने वळायचं लाकडी यंत्र फडक्याने पुसून बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "नव्या बाईला सांगा इबू, याचा पट्टा डावीकडे ओढतो. जरा सांभाळून घ्यावं लागतं."

१४ ऑगस्ट

दालन शांत. तंबाखू खरंच ओला आला होता. कोणीही बोललं नाही. दिवसभराचा माल फुकट.

१७ ऑगस्ट, सोमवार

इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. आवारात पोत्यांची शर्यत. सगळ्या बायका हसत होत्या. समाधानी!

१८ ऑगस्ट

रुकाया खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि उभीच राहिली. म्हणाली, पहिला चौकोन तिचा होता. चौदा वर्षं रोज सकाळी कारखान्याचं फाटक दिसलं की तिला परत फिरावंसं वाटतं. शेजारी कासियेमची बडबड असायची म्हणून दिवस जायचा.

मालकांना सांगितलं तर रुकाया जाईल. कासियेम काही परत यायची नाही. तिला म्हटलं, जा, कामाला लाग.

ती गेली नाही. म्हणाली, कासियेमला वाचता येत नाही; तिचा फॉर्मही रुकायानेच भरला होता, तिने सांगितला तसा.

"कुठला चौकोन?"

"पाचवा, इबू."