खळ्याचा घेर

११ नोव्हेंबर, झरी

पोचलो एकदाचा. डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून इको गाडीत खच्चून माणसं आणि यंत्राची पेटी माझ्या मांडीवर. पण जागा झकास आहे. सुदामच्या घराची पुढची खोली मिळाली, दारात खळं, खळ्यापलीकडे डोंगर. त्याची बायको बायजी हिने आल्या आल्या नागलीची भाकरी आणि झाई बंदरावरच्या सुक्या बोंबलाची चटणी समोर ठेवली. पुण्यात कोण एवढं करतं?

काम सोपं आहे. या भागात वर्षानुवर्षं भूकंपाचे बारीक धक्के बसतात. ते यंत्राने टिपायचे, म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या नोंदींतून असला जमिनीचा गोंगाट ओळखून वगळायला आमचा प्रोग्राम शिकेल. गोंगाट गेला की उरेल ते खरं. त्या उरलेल्यात मला वैश्विक तंतू हवा आहे. सहा वर्षं शोधतोय.

बायजीने विचारलं, तंतू म्हणजे काय. विश्व तयार होताना राहून गेलेली एक चीर, म्हटलं, डोळ्यांना न दिसणारी. मग भाकरीतून एक त्रिकोणी तुकडा काढला आणि उरलेल्या कडा जुळवून दाखवल्या. भाकरी मधून जराशी उचलली गेली आणि तिचा घेर कमी झाला. तंतूभोवती जागा अशीच कमी भरते. बायजी हसली.

"मंग तो कापेल तुकडा कोन खाते, सर?"

सुदामही हसला. मी तुकडा तोंडात टाकला.

१३ नोव्हेंबर

नुसता वैताग. दुपारभर वीज नाही. नेट हवं तर खळ्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं. गावात सगळीकडे मळणीयंत्र आलं, सुदामची मळणी मात्र अजून बैलांची. मधोमध खांब, त्याला दावणीने बांधलेले चार बैल, आणि दिवसभर गोल गोल. माझं यंत्र तिथेच पुरलंय, तेव्हा भूकंपाऐवजी मी बैलांचे खूर टिपतोय.

पीएचडीच्या गाईड मॅडमचा फोन आला. तंतूच्या खुणा म्हणून मी पाठवलेल्या सगळ्या नोंदी त्यांनी गोंगाट म्हणून काढून टाकल्या. इतक्या शांतपणे सांगतात, याचाच जास्त राग येतो.

१५ नोव्हेंबर

सापडलं! बैल चालत असताना यंत्रात एक टोकदार उसळी आली. खूर नाही, धक्काही नाही. तंतू चाबकासारखा फटकारला तर जी यायला हवी म्हणून आम्ही कागदावर काढतो, तीच. अमेरिकेत लहरी टिपणाऱ्या दोन्ही केंद्रांतही त्याच वेळी तीच उसळी. मॅडम म्हणाल्या, योगायोग असेल, आणखी एक आण. आणखी एक म्हणे. सहा वर्षं हेच ऐकतोय.

सुदाम वेगळ्याच कारणाने कुरकुरतोय. दरवर्षी खळ्यात मावतात तेवढेच भारे पसरले, तरी यंदा उरतात. मी टेप लावली. खांबापासून कडेपर्यंतचं अंतर बरोबर, घेर मात्र कमी. मला नाचावंसं वाटलं. तंतू इथेच आहे, खांबातून सरळ गेलेला.

१७ नोव्हेंबर

सुदामने आज तीनच बैल जुंपले. चौथा कुठे विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिला. पहिल्यापासून तीनच आहेत म्हणे. दावणीला गाठीही तीनच. खरं सांगायचं तर मलाही तीनच आठवतात, पण तेरा तारखेला मी चार लिहिलंय. वैतागात चुकलं असेल.

घेर आणखी कमी झाला. उसळी नाही. यंत्रापाशी बसून बसून डोकं उठलं.

१९ नोव्हेंबर

सुदाम खांब उपटायचा म्हणतो. बैल बुजतात, खांबाकडे जायला तयार होत नाहीत. मी त्याच्या हातापाया पडलो. प्रयोग चालू असताना मध्येच काही हलवायचं नसतं, आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात. एक दिवस द्या, म्हटलं.

"बायजी आत जाते झाडाया," सुदाम म्हणाला. "तिला काय झालं तं?"

काही होत नाही, मी म्हणालो. मला तेव्हाच भीती वाटत होती, तरी म्हणालो.

२० नोव्हेंबर

दुसरी उसळी! पहिलीपेक्षा मोठी. भर दुपारी, बायजी खांबाजवळ दाणे झाडत असताना. मॅडमना पाठवली. मेसेज दोनदा चुकीचा टाईप झाला. आनंदानेच असणार.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून कोणी जेवायला बोलावलं नाही. आत गेलो तर सुदाम चूल फुंकत बसलेला, डोळे धुराने लाल. एकट्या माणसाचं असंच, म्हणाला. दोरीवर हिरवं लुगडं वाळतंय. कोणाचं, ते आम्हा दोघांनाही —

मागची पानं वाचली. बायजी. सुदामची बायको. भाकरी, तिचं हसणं, सगळं माझ्याच अक्षरात. चेहरा आठवत नाही. सुदामला वाचून दाखवलं. तो उठून दोरीपाशी गेला. मग लुगडं उराशी धरून रडायला लागला, कोणासाठी रडतोय ते त्याला कळेना.

एक दिवस मीच मागितला होता. मी —

२२ नोव्हेंबर

मॅडमचा मेसेज. स्थानिक गोंगाट, वगळला. बस, एवढंच.

दावण आहे, बैल नाहीत. होते ना? खळ्याच्या कडेने चालायला लागलं की लगेच पुन्हा पहिल्याच जागी —

खांब उपटायला घेतलाय. सुदाम हाक मारतोय, एकट्याने निघत नाही म्हणतो. आलोच.

— हलत नाही. दमलो. एकट्याने कसा निघणार. खांबाच्या पलीकडे एक पहार पडली आहे, घामाने ओली. माझी तर माझ्या हातात आहे.

वर लिहिलंय, सुदाम हाक मारतोय. सुदाम म्हणजे