मासे बोलावणारी फळी

मंगळवार, ता. २७ फेब्रुवारी २०१८, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. लिहायला बसण्याआधी मी टोच्यांच्या लाकडी मुठींना दोरी बांधत होतो. बर्फ फुटला तर हे टोचे कडेत रोवून माणूस स्वतःला वर ओढतो.

मी, ग्विदास काइरेलिस, कै. फेलिक्सास यांचा मुलगा, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा मासेमारी, राहणार वेंते, खाडीकाठ. माझे डोके ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि हे मृत्युपत्र लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट माझी बायको योविता सकाळपासून म्हणते आहे, "मरायची एवढी तयारी करतोस, तर घरीच बस ना." मी तिला सांगितले की हे लिहून झाल्याशिवाय माझे पाय उचलणार नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वी नदीच्या मुखाजवळ मी बर्फातून खाली गेलो. तेव्हापासून खाडीवर पाऊल ठेवलेले नाही. मे महिन्यात आमचे पहिले मूल येणार आहे, आणि त्याच्या बापाने काठावर उभे राहून दुसऱ्यांचे मासे मोजावेत हे मला नको आहे. उद्याचा दिवस चांगला आहे. आठवडाभर पूर्वेचा कोरडा वारा आहे, बर्फ काळा आणि घट्ट आहे, आणि स्टिंटा मासा थव्याथव्याने नदीकडे निघाला आहे. गुरुवारी वारा नैऋत्येचा होणार म्हणतात. त्या वाऱ्याने बर्फ काठापासून सुटतो.

कलम १. घर आई एल्झे हिचे आहे ते तिचेच राहावे, तिच्यानंतर योविताचे. आईची खाट पश्चिमेच्या खिडकीपाशीच असावी. खाडी दिसली नाही की ती जास्त काळजी करते.

कलम २. बँकेतली सगळी बचत योविताला. तिने पाळणा नवा घ्यावा. माझ्या जुन्या पाळण्याची एक दांडी सैल आहे, आणि मी ती दुरुस्त करतो असे नाताळापासून म्हणतो आहे.

कलम ३. पहार आणि बर्फाचे गिरमिट चुलतभाऊ वाल्दास याला. पहारीने ठोकून पाहिल्याशिवाय मी बर्फावर पाऊल टाकत नाही, म्हणून तो मला सगळ्यांसमोर "पहारवाल्या आजी" म्हणतो. तरी पहार त्यालाच, कारण गरज त्यालाच आहे. काळा बर्फ तळहाताच्या रुंदीएवढा जाड असेल तर एक माणूस पेलतो, पांढरा त्याच्या दुप्पट लागतो. एका जागी दोनदा पहार मारावी. दुसऱ्या घावाला पाणी आले तर आल्या पावलांवरूनच मागे फिरावे. नदीचे मुख आणि बोरूची बेटे टाळावीत, तिथे बर्फ खालून झिजतो. दुसऱ्याच्या घसरगाडीच्या खुणेवर विसंबू नये. ती गाडी काल गेलेली असते.

कलम ४. शेडमधली फळी. ही बाबांनी जुन्या होडीच्या तळातून काढली. बर्फाला भोक पाडून फळीचे एक टोक पाण्यात सोडायचे, दुसऱ्यावर दोन मोगऱ्यांनी ताल धरायचा. तो नाद पाण्याखाली लांब जातो, मासे त्याच्यामागे येतात आणि बर्फाखाली लावलेल्या जाळ्यात शिरतात. बाबा म्हणत, मासे फळीला येतात. त्यांचे धाकटे भाऊ झिग्मास काका म्हणत, हाताला येतात. एका हिवाळ्यात जाळे रिकामे आले, दोघांनी एकमेकांना दोष दिला, बाबांनी फळी शेडमध्ये टाकली आणि काका मोगऱ्या घेऊन घरी गेले. त्यानंतर ते बोलले नाहीत. बाबांच्या अंत्यविधीला काका फाटकाबाहेर उभे होते, आत आले नाहीत. आईने त्यांचे नाव टाकले आहे.

उद्या मी साधे गळ टाकून बसणार आहे. पण फळी नुसती पडून राहू नये, म्हणून ती काकांना द्यावी.

नोंद, पावणेसहा वाजता. साक्षीसाठी मी शेजारच्या उर्तेबाई आणि त्यांचे यजमान यांना सांगितले होते. यजमान क्लाइपेदाला गेले आहेत, म्हणून बाई वाटेतून काकांना घेऊन आल्या. आई चुलीपाशी होती. ती वळली नाही.

काकांनी कागद चष्मा न लावता हात लांब धरून वाचला. म्हणाले, "तू बर्फाला इतकं विचारत बसतोस, की एक दिवस तो वैतागून उत्तर देईल." मग चौथे कलम त्यांनी दोनदा वाचले.

मी म्हणालो, "काका, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. वकीलबाईंनी सांगितलंय."

"म्हणजे सही केली तर फळी गेली?"

"हो."

"आण पेन." सही करून ते म्हणाले, "मेलेल्याची फळी घेऊन मी एकटा काय करू? जाळं कोण ओढणार, ही उर्ते?"

"मी ओढीन की," उर्तेबाई म्हणाल्या. "पण मग अर्धे मासे माझे."

काकांनी कोटाच्या आतून पोत्यात गुंडाळलेले काहीतरी काढून टेबलावर ठेवले. मोगऱ्या होत्या. तेल लावलेल्या, मुठी नव्या. आईने मोगऱ्यांकडे पाहिले, मग काकांकडे.

"इतकी वर्षं तेल लावत होता, भावोजी?"

"दर हिवाळ्यात, वहिनी."

"मग एवढं तेल घालवण्यापेक्षा एकदा दार वाजवायचं होतं." तिने एक ताट वाढले आणि त्यांच्यापुढे सरकवले. काकांनी टोपी काढली.

कलम ४ रद्द. फळी माझ्या होणाऱ्या लेकराला. उद्यापासून त्याच्या हाताला मोगरी पेलेपर्यंत झिग्मास काकांनी ठोकावे आणि मी जाळे ओढावे. बर्फावर पुढे चालून पहार मात्र मीच मारणार. हे काकांनी मान्य केले आहे.

साक्षीदार:
१. उर्ते बाल्चिते, शेजारी (सही)
२. झिग्मास काइरेलिस, काका (सही)

ग्विदास काइरेलिस (सही)
वेंते, ता. २७ फेब्रुवारी २०१८

खर्च: टोच्यांसाठी खिळे आणि दोरी, ४ युरो २० सेंट. दिले.
देणे: उर्तेबाईंना साक्षीबद्दल दोन किलो स्टिंटा. उद्या संध्याकाळी मी स्वतः नेऊन देणार.